मी ईशानच्या बाजूची

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आई होती तेव्हा तिच्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, देवापुढेसुद्धा नाही. देवाला काय, कळलंच असेल, त्याला वेगळं कशाला सांगायचं — असं म्हणून मी तिथूनही सुटका करून घेतली. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगणं जरा सोपं जाईल असं वाटतंय. बघू, जमतंय का.

पण आधी मालिकेचं सांगते. हसायचं तर हसून घ्या. मी एक्कावन्न वर्षांची बाई, मंगळवार पेठेत पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहते, ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते — आणि कॉलेजातल्या पोरापोरींच्या एका मालिकेपायी वेडी झाले होते. ‘सायकल स्टँड’ तिचं नाव. अकरावी-बारावीची पोरं, आणि जे काय महत्त्वाचं व्हायचं ते सगळं सायकली लावायच्या शेडमध्ये. सानिका नावाची एक मुलगी, तिच्यावर जीव टाकणारे दोघं. मल्हार बोलका, भांडखोर, मनात आलं की सगळ्या कॉलेजसमोर बोलून मोकळा. ईशान गप्प. तिची पंक्चर झालेली सायकल तिच्या नकळत दुरुस्त करून जागेवर आणून ठेवणारा. बघणाऱ्यांत सरळ दोन पक्ष पडले होते. मी ईशानच्या बाजूची. कट्टर.

कट्टर म्हणजे किती? मोबाइलवर त्या मालिकेच्या चाहत्यांचा एक ग्रुप होता, त्यात मी ‘सायकलवेडी’ या नावाने रोज लिहायची. पोरं मला ताई म्हणायची. त्यांना वाटायचं, मी कुठल्या तरी कॉलेजात शिकते. मी कधी नाही म्हटलं नाही. प्रेम म्हणजे काय, हे मी त्यांना समजावून सांगत होते — मी, जिला आयुष्यात कुणी विचारलं नाही! सत्ताविशीत असताना समोरच्या दुकानात एक जण होता. तो बघायचा, मी बघायची. बोललं कुणीच नाही. मग एक दिवस त्याच्या लग्नाची पत्रिका आली, मला चांगलं हातात आणून दिली त्याने. आता सांगा, मी कुणाच्या बाजूची असणार? गप्प बसणाऱ्याच्याही मनात काहीतरी असतं, हे कुणीतरी म्हणायला नको का?

बघा, मी भलतीकडेच गेले. सांगायचं आहे ते पल्लवीचं.

पल्लवी खालच्या मजल्यावरची. बारा वर्षांची असताना ते लोक इथे राहायला आले. मी सांगतेय तेव्हा ती तेवीसची होती, चष्म्याच्या दुकानात कामाला होती. संध्याकाळी सातला त्यांच्या टीव्हीवर वडिलांच्या बातम्या लागायच्या, म्हणून ती वर माझ्याकडे यायची. मी चहा टाकून ठेवायची, भडंगाची वाटी काढून ठेवायची. आणि ही बया मल्हारच्या बाजूची.

“गप्प बसणाऱ्याला काय मिळत न्हाय, मावशी,” ती म्हणायची. “तुमचा ईशान बोलंस्तवर सानिकाची पोरं कॉलेजला जातील की.”

मी चिडायची. खरंखुरं चिडायची. एकदा तर तिच्या पुढ्यातलं भडंग उचलून परत डब्यात ओतलं, आणि ती हसून हसून कॉटवर आडवी झाली. दिवसभरात माझ्याशी लोक काय बोलतात? गळा मोठा घ्या, बाही ढिली झाली, शनिवारपर्यंत मिळेल का. सातला मात्र कुणीतरी माझ्याशी भांडायला यायचं. त्या अर्ध्या तासाच्या आशेवर माझा सगळा दिवस उभा होता. पण हे मला तेव्हा कबूल करवत नव्हतं.

मग रणजित आला. म्हणजे मालिकेत नाही, चष्म्याच्या दुकानात. पेठ वडगावचा मुलगा. चष्मा करून नेला, आणि मग स्क्रू ढिला झाला म्हणून चार वेळा आला. चौथ्यांदा पल्लवीच म्हणाली, “स्क्रू चांगला हाय, काय ते बोला.” आणि तो बोलला. तिच्याशी बोलला, घरी जाऊन आईवडिलांशीही बोलला. सगळं रीतसर. तिच्या घरीही पसंत पडलं. हे तिने सगळ्यांत आधी मला सांगितलं, माझा हात दोन्ही हातांत धरून. “बघा मावशी, निघाला का न्हाय मल्हार?” मी तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. तेव्हा मला आनंद झाला होता, हे खरं आहे. निदान तेवढं तरी खरं होतं असं मला वाटतं.

त्यानंतर ती सातला उशिरा यायला लागली. गच्चीवर फोन चालायचा. एका मंगळवारी तर आलीच नाही. त्या दिवशी ईशानने पहिल्यांदा सानिकाला चिठ्ठी लिहिली, आणि तिच्याच मैत्रिणीने, रेवाने, ती चिठ्ठी लपवली. वर्षभर आम्ही ज्याची वाट बघत होतो तो भाग! मी दोन कप चहा गाळून बसले होते. वरून गच्चीवरचं हसणं ऐकू येत होतं. दुसरा कप मी मोरीत ओतला.

दुसऱ्या दिवशी तिने सहज म्हटलं, “लग्न झाल्यावर अवघड हाय बघा. त्यांच्यात सातला सासूची मालिका असती. आपलं बंदच की मावशी.” आणि हसली. मीही हसले. मनात काय झालं ते कसं सांगू? सुनं सुनं वाटलं. मग राग आला. एवढं सोडून जायचं, आणि हसत?

आता आमच्याकडची चौकशीची पद्धत सांगावी लागेल, नाहीतर पुढचं तुम्हाला फार बारीक वाटेल. सोयरीक ठरायच्या आधी मुलाकडची माणसं गल्लीत येऊन चौकशी करून जातात. सरळ कुणी विचारत नाही. कुठलं तरी निमित्त काढायचं, पाणी मागायचं, मग हळूच विषय काढायचा. आणि सांगणाराही वाईट कधी सांगत नाही. दुसऱ्याच्या पोरीचं लग्न मोडल्याचं पाप कोण घेईल? सगळे चांगलंच सांगतात. म्हणून विचारणारे कान देतात ते कौतुक कुठे थांबतंय याच्याकडे. हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला तर होतंच होतं.

रणजितचे मामा आणि मामी आले. आधी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत थांबले, तिथल्या काकूंनी त्यांना माझं घर दाखवलं. मामींनी निमित्ताला ब्लाऊजपीस आणला होता, मोरपंखी रंगाचा. मी चहा केला. माणसं चांगली होती. हे मी मुद्दाम सांगतेय — आखडू नव्हती, हुंडा-बिंडा काढणारी नव्हती. मामींनी बाहीचं विचारलं, अस्तराचं विचारलं, आणि मग कप हातात धरून म्हणाल्या,

“खालची पोरगी कशी हाय वो?”

“हाय की. चांगली हाय.”

“सोभाव?”

“चांगला हाय.”

“न्हाय, बाहेर कामाला जाती, म्हणून इचारलं. तुमी रोजच्या बघण्यातल्या. काय असंल तर सांगा, तुमचं नाव कुटं यायचं न्हाय.”

इथे मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. सोन्यासारखी पोरगी आहे, डोळे झाकून करा. एवढंच. ते वाक्य माझ्याकडे तयार होतं, आणि ते खरं होतं. मी पायमशीनकडे वळले. सुईत दोरा होता, तरी तो काढून परत ओवला. आणि म्हणाले, “आता मी काय सांगायचं... तुमीच बघा की.”

आणि गप्प बसले.

किती वेळ? एखादं मिनिट असेल. मामांनी अर्धा चहा तसाच ठेवून कप खाली ठेवला. मामींनी त्यांच्याकडे बघितलं. मग “येतो, जरा बाजारात जायचंय” म्हणत दोघं उठले. मोरपंखी ब्लाऊजपीस मामींनी पिशवीत परत घातला, माप दिलंच नाही. म्हणजे मी जे तोंडाने बोलले नव्हते ते त्यांना पोचलं होतं. आमच्या जिन्याला अकरा पायऱ्या आहेत. मामींचे गुडघे दुखत होते, त्या एकेक पायरी थांबून उतरत होत्या. हाक मारायला मला भरपूर वेळ होता. मी त्या पायऱ्या मोजल्या.

चुकून बोलून गेले, असं मी स्वतःला म्हणत आले असते, पण मला ते म्हणता येत नाही. कारण त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर रेवाबद्दल लिहिलं. चिठ्ठी लपवणाऱ्या रेवाबद्दल. दोन जिवांच्या मध्ये येणारीचं कधी भलं होणार नाही, असल्या मैत्रिणीपेक्षा वैरीण परवडली — असं भरपूर, दात-ओठ खाऊन. पोरांनी हृदयांवर हृदयं पाठवली. तीही त्या ग्रुपवर होती, त्यांत पल्लवीचंही एक होतं.

आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. रणजित घरात भांडला, असं ती सांगायची. दहा-बारा दिवस त्याचे फोन येत राहिले. मग कमी झाले. मग बंद. मामाचा शब्द त्या घरात मोठा होता, आणि तो मुलगा भांडला तरी घर सोडणारा नव्हता. पल्लवी माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी तिच्या केसांतून हात फिरवत होते. तिने विचारलं, “मावशी, कुणीतरी कायतरी सांगितलंय. कोण असंल वो?”

आणि मी — अजून खाली जायला जागा होती, मी गेले — म्हणाले, “ते गिरणीत थांबले होते बराच वेळ.”

झालं. त्या दिवसापासून पल्लवीच्या घरचं दळण दुसऱ्या गिरणीत जायला लागलं. काकूंशी त्यांच्या घरातलं कुणी बोलत नाही. त्या बिचाऱ्या काकू आजही मला विचारतात, “त्यांचं दळण का वो बंद झालं? माझं काय चुकलं?” मी म्हणते, कुणास ठाऊक. पीठ घेते आणि येते.

पल्लवी मात्र परत सातला यायला लागली. रोज, वेळेवर. मी चहा टाकायची. आणि मला बरं वाटत होतं. ती डोळे सुजवून शेजारी बसलेली असताना मला बरं वाटत होतं. आम्ही मालिका पुन्हा भांडत-भांडत बघायला लागलो. फक्त ती आता मल्हारसाठी पहिल्यासारखी भांडत नव्हती, मध्येच सोडून द्यायची. मी जिंकत चालले होते आणि मला ते आवडत नव्हतं, तरी मी थांबत नव्हते.

पुढे तिचं लग्न मलकापूरला झालं. या वेळी चौकशीला आलेल्यांना मी हात जोडून सांगितलं, लाखात एक पोरगी आहे. नवरा चांगला आहे. फार बोलत नाही, असं ती म्हणते. फोनवर ‘बरं चाललंय’ म्हणते. त्याच्यापलीकडे मी विचारत नाही. सातची वेळ मात्र तिने तिथेही धरून ठेवली. टीव्हीवर नाही तर मोबाइलवर बघायची, आणि पावणेसातलाच मला विचारायची, “मावशी, लावलंसा का?” माहेरचं कुत्रंही आपलं वाटतं, तशी मी तिला आपली वाटते. आईला सांगितलं नाही ते मला सांगायची, असं ती नवऱ्याला अजून सांगते म्हणे.

गेल्या महिन्यात ‘सायकल स्टँड’ संपली. शेवटच्या भागात रेवाने सगळ्यांसमोर चिठ्ठी बाहेर काढली आणि कबूल केलं. मालिकेत माणसं कबूल करतात. सानिका ईशानकडे गेली. दोन वर्षं मी ज्याच्यासाठी भांडले ते झालं, आणि मी टीव्हीसमोर बसून होते — एक कप, एक वाटी.

मोबाइल वाजला. पल्लवीचा निरोप होता. “मावशी, जिंकलासा. तुमचंच खरं हुतं. बोलणारी माणसं नुसती बोलत्यात, ऐनवेळी पळून जात्यात. मी बघितलंय की. गप्प बसणारंच खरं माणूस.”

रणजित पळून गेला नव्हता. त्याला माझ्या घरातून परतवलं होतं. हे आमच्या गल्लीत एकट्या मला माहीत होतं.

मी तो निरोप दोनदा वाचला. मग उत्तर लिहिलं, “बघ, म्हणत नव्हते का मी?”