उस्तादाचा पट्टा

आमच्या ह्यांना अख्खी वसाहत दत्तू उस्ताद म्हणते. कारखान्याचे ट्रान्सफॉर्मर ट्रेलरवरून नेण्यात त्यांची हयात गेली, पण मालाला कधी ओरखडा आला नाही. त्याचाच माज होता!

नव्या ट्रेलरला सीटबेल्ट आला, तेव्हा मी हात जोडून म्हटलं, की तेवढा लावत जा. तर म्हणाले, "मंदा, पट्टा कुत्र्याला बांधतात, उस्तादाला नाही." बेल्ट नसला की गाडी टूं टूं ओरडायची, म्हणून तो पाठीमागून घेऊन बकलात अडकवायचे आणि खुशाल त्यालाच टेकून बसायचे. गाडी गप्प, उस्ताद खूश. अहो, गाडीला फसवलंत. मला कशाला फसवलंत?

कोलार रोडवर ट्रेलर उभ्या डंपरवर आदळला. केबिन शाबूत राहिली, हे मात्र काच फोडून बाहेर फेकले गेले. ट्रान्सफॉर्मर जागचा हललासुद्धा नाही. हलेल कसा? निघताना ह्यांनी स्वतः त्याला साखळ्यांनी करकचून आवळलं होतं.

आता कमरेखाली जाणीवच नाही. डॉक्टर म्हणतात, आशा ठेवू नका. मग काय ठेवू? खुर्चीत बसवलं की पुढे कलंडतात, म्हणून त्यांना बांधावं लागतं. आज दूध उतू जात होतं म्हणून मी आत धावले, तर मागून लहान मुलासारखी हाक आली, "मंदा, आधी पट्टा बांध गं. पडेन मी."