माझ्या गाण्यातून काढलेले देव

मला लोक गीतकार म्हणतात. किन्हवलीपासून धसईपर्यंत हळद कुणाचीही असो, गाणं माझंच वाजतं. सत्काराच्या शाली इतक्या साठल्या की बायको त्यांच्यावर वाल वाळत घालते. या कर्तबगारीचं भांडवल एकच, माझी आत्या.

आत्या आमच्या गावची धवलारीण. तिने मांडवात बसून धवले, म्हणजे लग्नातली गाणी, म्हणायचे, एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलवायचं, मग नवरीला हळद लागायची. गावदेवी, वाघोबा, डोंगरावरचे, ओढ्याकाठचे, एकही सुटता कामा नये. मी टेपरेकॉर्डर घेऊन गेलो तेव्हा ती म्हणाली, "मांडव नाय, नवरी नाय, तं देवांना बोलवून बसवू कुठं रे?"

"आत्ये, तुझ्यामागं हे बुडेल. मी जपून ठेवतो," मी म्हणालो. खोटं बोलताना माझी जीभ कधी अडखळली नाही. पुढे त्याच गुणावर माझं नाव झालं. शेवटी तिने देवांसाठी म्हणून ओटीवर आंब्याचा टहाळा बांधला, त्याच्याखाली बसली आणि गायली.

कॅसेट काढणारा म्हणाला, चाल झकास आहे, पण ही देवांची यादी कोण ऐकणार? मी नंदीबैलासारखी मान हलवली. देव काढले आणि तिथे नवरीचा नखरा नि करवल्यांचा धिंगाणा भरला. कव्हरवर गॉगल लावलेला मी. आत्याचं नाव कुठेच नाही. मुरबाडच्या एसटी स्टँडवर कॅसेट दिवसभर वाजू लागली. हे गाणं मातीतून आलंय, असं मी सत्कारात बेधडक सांगायचो. माती काय तक्रार करते!

कॅसेट असताना म्हातारी कशाला, म्हणून आत्याला लग्नांची बोलावणी येईनाशी झाली. माझ्या मुलीच्या हळदीला मात्र ती आपणहून पुढे आली. "पोरीचं लगीन हाय, देव बोलवायला नको?" मी डीजे थांबवायला लावला. तिने सुरुवात केली, गावदेवीचं नाव घेतलं आणि करवल्या फिदीफिदी हसल्या.

"आजी, चुकलं गो! कॅसेटमदलं गाणं हाय ते, असं नाय!"

आत्या माझ्याकडे बघत राहिली. गाणं तिचं आहे, मी चोरलंय, एवढंच मला बोलायचं होतं. पण पुढच्या खुर्च्यांवर मला शाली देणारे बसले होते. मी नेभळटासारखं म्हणालो, "राहू दे आत्ये, दमशील."

"तुमीच म्हणा मंग," असं म्हणून ती उठली आणि मांडवाबाहेर गेली.

डीजेने माझं गाणं लावलं. त्या गाण्यावर मुलीला हळद लागली. तिच्या लग्नाला देव कुणी बोलावलेच नाहीत.