बाबा पाय बघायचे

माझे बाबा पूजा सांगायचे. अकोल्यात आणि आसपासच्या गावांत लोक त्यांना महाराज म्हणत. त्यांना शुगर होती. पण शुगर म्हणजे चहा फिका आणि सकाळी एक गोळी, एवढंच आम्हाला कळत होतं. यजमानाच्या घरचा शिरा बाबा काही नाकारत नसत.

मी कॉलेजात असताना एका मे महिन्यात ते वास्तुशांतीहून परतले. होम तापलेल्या गच्चीवर होता आणि ते तासभर अनवाणी उभे होते. त्यांच्यामागे फरशीवर ओले ठसे उमटत गेले, ते आईनं पाहिलं. तळव्यांना फोड येऊन फुटले होते.

बाबा खाली बघून म्हणाले, "हे कधी झालं?"

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. "धागा टेकला की सांगा." मी शेजारीच उभी होते. नायलॉनचा तो धागा तळव्याला सात-आठ ठिकाणी टेकला असेल. बाबा डोळे मिटून शांत बसले होते. थोड्या वेळानं म्हणाले, "करा ना सुरू."

मला त्यांच्याकडे बघवेना.

डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. पुढचे दोन महिने बाबा घरी होते. डोळे, मूत्रपिंड, पायाच्या नसा, सगळं त्यांनी डॉक्टरबाईंना खोदून खोदून विचारलं. एका संध्याकाळी आईला म्हणाले, "इतकी वर्षं अंगात काय चाललंय, याची मला खबरच नव्हती गं."

नंतर ते पूजेला सुती मोजे घालून बसू लागले. काही यजमानांनी नाकं मुरडली. पूजा आटोपली की बाबा विचारत, "घरात शुगर कोणाला आहे?" आणि त्या माणसाचे पाय बघत. मी स्कूटी चालवायची आणि बाबा मागे पिशवी सांभाळत बसायचे. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

एकदा बाळापूरजवळच्या एका गावात सत्यनारायण होता. यजमानाचे वडील, म्हातारे शेतकरी, नमस्काराला आले; त्यांना शुगर होती. बाबा त्यांच्या पायांशी वाकले तसे आजोबा मागे सरकले.

"महाराज, माह्या पायाले हात लावता? पाप लागीन मले."

"पाप माझ्यावर. बसा तुम्ही."

टाचेत बाभळीचा काटा रुतला होता. भोवती पू धरला होता.

"दुखत नाही का?"

"नाई बा. काहून?"

बाबांनी त्यांच्या मुलाला त्याच दुपारी दवाखान्यात न्यायला लावलं. टाच चिरावी लागली, पण पाय वाचला.

दिवाळीनंतर आजोबा बूट घालून आमच्या घरी आले, तुरीची डाळ घेऊन. आईनं बिनसाखरेचा चहा केला. एक घोट घेऊन म्हणाले, "वहिनी, हा चहा नाई, काढा हाय." बाबा हसले आणि आपला कप त्यांनी निमूट संपवला. मग दोघं ओसरीवर कापसाच्या भावाबद्दल बोलत बसले, ते जेवणाची वेळ होईपर्यंत.