उलरिक बिशपच्या हातातलं पापलेट

...आनि हे पन टाइप कर, डिलन. तुझा ऑस्टिनकाका आपल्या घरातल्या आल्तारवरची मूर्ती रंगवायला सातिवलीला घेऊन गेला. आता फोनवर म्हनतो, "आये, हातातला मासा चुकीचा हाय, तो पन बदलून घेतो." बदलतो म्हनजे काय? तो तुझ्या आज्यानं केलेला.

तुझा आजा मायकल, पाचूबंदरचा. बोट लागली की पहिला मासा त्या मूर्तीला दाखवायचा. हातात मासा हाय म्हनजे आपल्यातलाच कोनीतरी कोळी, असंच आम्ही धरून चाललेलो. मंग एकदा फादर घर आशीर्वादायला आले नि हसले. "मायकल, हे उलरिक बिशप. जर्मनीतले, हजार वर्सांपूर्वीचे. त्यांच्या गावाला समुद्रच नाय."

मंग मासा कुठला? तर बिशप गुरुवारी जेवायला बसलेले, गप्पांत शुक्रवार उजाडला. ताटात मटन तसंच, नि शुक्रवारी तर मटन चालत नाय. तेवढ्यात सरदाराचा मानूस निरोप घेऊन आला, त्याला त्यांनी त्यातला तुकडा दिला. तो लबाड, सरदाराला दाखवायला घेऊन गेला, बघा, बिशप शुक्रवारी मटन खातात. फडकं सोडलं तर आत मासा.

आजा म्हनाला, "फादर, आमच्याकडं रोजच मासा. कधी उलटं करतात का, विचारून बघा." फादरांचा चहा सांडला.

पन आज्याच्या मनात दुसरंच बसलं. शत्रूनं शहर वेढलं तेव्हा बिशप चिलखत न घालता, पाद्रीच्या झग्यात लोकांबरोबर उभे ऱ्हायले. मरताना जमिनीवर राख पसरून घेतली, तिच्यावर निजले. "एवढा मोठा मानूस, राखेवर," असं जाळं विनता विनता म्हनायचा.

त्यांचा सन जुलैत येतो. एका वर्सी त्याच दिवशी मांजरीनं मूर्ती पाडली, मासा फुटला. तिला पन खराच वाटला असंल. पावसाळ्याची बोट वर ओढलेली. आज्यानं तिच्या बदललेल्या फळीचा तुकडा घेतला नि ओट्यावर बसून पापलेट कोरलं. मी म्हटलं, "अहो, त्यांचा मासा नदीतला असंल."

"असंल. आता पाचूबंदरला ऱ्हातात ना? मंग हितलंच खातील."

आजा गेला, बोट पन गेली. तिचं घरात तेवढंच लाकूड उरलंय, बाळा.

तर काकाला आत्ताच कळव. टोपी रंगव, झगा रंगव, पापलेट काढू नको म्हनावं. कल्ल्यापाशी आज्याची सुरी घसरलेली, ती खाच पन बुजवू नको म्हनून सांग.