स्ट्रेचर न सोडणारे ड्रायव्हरभाऊ

पेशंट एका हातातून दुसऱ्या हातात कसा द्यावा हे साऱ्या नागपुरात एकाच माणसाला कळत होतं आणि तो माणूस डॉक्टर नव्हता, हे मी अजूनही शपथेवर सांगेन. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात, अपघात विभागात मी सिस्टर होते. पारशिवनीकडच्या एका लहानशा दवाखान्याची रुग्णवाहिका चालवणारे ते आमचे ड्रायव्हरभाऊ. अंगानं काडी, पण आवाज असा की सायरन बंद पडला तरी रस्ता मोकळा व्हावा. बाकीचे ड्रायव्हर पेशंट उतरवायचे, चिठ्ठी हातात टेकवायचे आणि चहाला पळायचे. हे स्ट्रेचरची दांडी दोन्ही हातांनी धरून उभे. पेशंटला काय झालं, कधी झालं, तिकडे काय दिलं, सगळं सांगून झालं की परीक्षा सुरू व्हायची, "म्हणा बरं ताई, काय सांगतलं मी?" बिनचूक म्हटल्याशिवाय दांडी सुटायची नाही. एकदा मी उजव्या पायाऐवजी डावा म्हणाले, तर मला सगळं पहिल्यापासून ऐकावं लागलं. पेशंटसुद्धा कण्हायचं थांबवून माझ्याकडे रागानं बघत होता.

लिहिण्याचा त्यांना कंटाळा, पण वेळा मात्र बॉलपेननं डाव्या तळहातावर टिपलेल्या असत. मे महिन्यात घामाच्या धारा लागल्या की डोक्याचा दुपट्टा काढून तोंड, मान, सगळं पुसायचे, फक्त तो तळहात सोडून. वाटेत नातेवाइकांकडून ते इतकं काही काढून घेत की त्यात पेशंटची म्हैस कधी व्यायली हेही येई. डॉक्टर वैतागले की म्हणायचे, "म्हशीचं सोडा, बाकीचं ध्यानात ठेवा." खोड इतकी मुरलेली की दवाखान्यासमोरच्या टपरीवर पोहे मागवतानाही, "तर्री अलग वाटीत. काय सांगतलं गा मी?" टपरीवाला निमूटपणे म्हणून दाखवायचा.

एका सकाळी त्यांनी दिवस भरत आलेली एक पोरगी आणली. रक्तदाब चढून तिला झटके आले होते. नवे डॉक्टर धावत आले. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि झटक्यांचं इंजेक्शन भरायला घेतलं. ड्रायव्हरभाऊ सांगू लागले, तर डॉक्टर म्हणाले, "चिठ्ठी आहे ना? मग व्हा बाजूला."

"ते इंजेक्शन तिकडंच देल्लं, साहेब. दोन्ही कुल्ल्यांत. साडेदहाले."

"चिठ्ठीत तसं काही नाही."

"चिठ्ठीत नसन. हातावर हाये." त्यांनी तळहात पुढे केला. दुसऱ्या हातानं दांडी धरलेलीच.

डॉक्टरांनी मला तिकडच्या दवाखान्यात फोन लावायला सांगितलं. इंजेक्शन खरंच दिलं होतं, घाईत लिहायचं तेवढं राहिलं होतं. लगोलग तेवढाच डोस पुन्हा गेला असता तर तिचा श्वासच थांबला असता. डॉक्टरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. "पुन्हा सांगा, भाऊ," ते म्हणाले आणि या वेळी म्हशीपर्यंत सगळं ऐकून घेतलं. दुपारी त्या पोरीला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

पुढे एकदा ड्रायव्हरभाऊ स्वतःच्या बायकोला घेऊन आले. पोटात असह्य दुखत होतं. मी विचारलं, "कधीपासून?" त्यांनी सवयीनं डावा तळहात पाहिला, तो कोरा होता. औषध कोणतं घेतलं, उलटी किती वेळा झाली, काहीच नाही. शेवटी ते इतक्या हळू बोलले की मला वाकावं लागलं. "मले नाई माहीत, ताई. मी गाडीवर होतो."

वहिनीच स्ट्रेचरवरून म्हणाल्या, "सोमवारपासून दुखून राह्यलं. सांगू कोणाले? हे येतेत अन् झोपतेत."

अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन झालं. त्यांनी सुट्टी टाकली आणि आठ दिवस वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून काढले. घरी सोडायच्या दिवशी मी गोळ्या समजावू लागले, तर वहिनींनी चिठ्ठी माझ्या हातून घेतली. "मले सांगा. हे तं घरी राह्यतच नाई." ड्रायव्हरभाऊ पिशवी घेऊन उभे होते. ते तिच्याजवळ गेले आणि खाकरून, जरा लाजतच म्हणाले, "कसं वाटून राह्यलं वं तुले?"

वहिनी गोंधळल्या. असं त्यांनी कधी विचारलंच नव्हतं, म्हणून त्या माझ्याकडेच बघत राहिल्या.