खिडकीवरचा फ्लेक्स उतरवणारे मेश्राम सर

मेश्राम सरांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. जवाहरनगरच्या आयुध कारखान्यातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर, कॉन्व्हेंट शाळेतली जुनी सवय म्हणून, मी एका छोट्या चर्चमध्ये जाऊन बसत असे. एका दुपारी मागच्या बाकावर एक गृहस्थ मांडीवर कॅमेरा ठेवून नुसते बसून होते. मी फटकारले, "फोटो काढायचा तर काढा आणि निघा."

ते हसले. "तुमची प्रार्थना होऊ द्या बाई. उजेड उद्याही येईल."

दुसऱ्या दिवशी ते साकोलीहून एसटीने पुन्हा आले. त्या दिवसापासून मी त्यांची शिष्या.

साकोलीला चित्रकला शिकवत असतानाच सरांनी देवळे, विहार, दर्गे, चर्च यांच्या आतला शांत उजेड टिपण्याचा ध्यास घेतला. पुढे जिल्हा विभागून दोन जिल्हे झाले, सरांची फेरी मात्र दोन्हींत मिळून एकच राहिली. फ्लॅश नाही, पूजा थांबवणे नाही, मूर्ती हलवणे तर नाहीच. आधी बसायचे, मग कॅमेरा. त्यांना रिकामटेकडे म्हणणारे काही जण आज सरांच्या याच गौरवग्रंथात लेख लिहीत आहेत. त्यांनी एकदा तरी सरांसोबत बसून पाहायला हवे होते.

लाखांदूरकडच्या एका गावात विहाराची पूर्वेची खिडकी बुजवून तिथे देणगीदारांची संगमरवरी पाटी बसवायचे समितीने ठरवले होते. सकाळचे ऊन त्याच खिडकीतून बुद्धमूर्तीच्या चेहऱ्यावर येते. ती बुजली की मूर्तीच्या नशिबी कायमचा ट्यूबलाइट. सर हे थांबवायला निघाले, मीही निघाले. आत पाऊल टाकले तर अंधार! समितीने सरांच्या स्वागताचा भलामोठा फ्लेक्स नेमका त्या खिडकीवर ताणून बांधला होता. माझी जीभ सुटणारच होती, पण सरांनी हाताने थांबवले.

"अध्यक्षसाहेब, हा उतरवा."

"काहून सर? पोरायनं खपून लावला. तुमचाच फोटो हाय त्याच्यावर!"

"माहं थोबाड मी रोज आरशात पाहातो. मले इथं त्यायचा चेहरा पाहाचा हाय." सर मूर्तीकडे पाहत होते.

अध्यक्ष रुसले. "आमचा मान नाई ठेवला तुम्ही."

"तुम्ही उतरवत नसान त शिडी द्या."

आणि सत्तरी ओलांडलेले सर खरोखरच शिडी चढू लागले. झाडू घेऊन उभ्या असलेल्या एक आजी कडाडल्या, "पडन ना तो बुढा! उतरवा रे ते फडकं!"

फडके उतरले. ऊन आधी मूर्तीच्या खांद्यावर आले, मग गालावर. अध्यक्षही खाली बसले. सरांनी एकच फोटो काढला.

खिडकीकडे पाहत अध्यक्ष म्हणाले, "पाटी व्हरांड्यात लावू."

"बरं," सर म्हणाले, "अन् काच पुसून घ्या."

माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सर रोज फोन करीत. तब्येत विचारत नसत. विचारत, "आज उजेड कसा दिसून राहिला?" इतकी नेमकी विचारपूस माझ्या नातेवाइकांनाही जमली नाही.

सरांना पंचाहत्तरावे वर्ष लागले आहे. त्यांचे गुडघे त्यांना अजून पुष्कळ वर्षे जमिनीवर मांडी घालू देवोत, नजर स्वच्छ राहो, आणि सकाळच्या एसटीत त्यांना खिडकीची जागा मिळत राहो. सरांचा सत्कार त्याच विहारात आहे आणि कार्यक्रम समितीने फ्लेक्स छापायला टाकला आहे, असे ऐकते. तो बाहेर, फाटकाला बांधा. खिडकीवर दिसला, तर या वेळी शिडीवर मी चढेन.