शेकलेली गिटार

व्यंकटीला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या क्लासच्या दारात, बहिणीची वाट बघत उभा असलेला. लातुरात मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते आणि मधल्या सुट्टीत, पोरांना आवडो न आवडो, गिटार वाजवते. त्या दिवशी जॅझमधली एक आडवळणी चाल काही केल्या बसत नव्हती. दारातला हा बाप्या चौकटीवर बोटं आपटत म्हणाला, "ताई, तिसऱ्या ठोक्याला तुम्ही थांबून राहिल्या. थांबू नका." न विचारता शिकवणारी माणसं मला अजिबात खपत नाहीत. पण तो म्हणाला तसं वाजवलं आणि चाल बसली. त्यानं तर राग आणखीच आला.

तो मूळचा लातूरजवळच्या मुरुडचा, लातुरात डाळ मिलमध्ये फिटर. कामावरून सुटला की खोलीवर नायलॉनच्या तारांची गिटार घेऊन बसायचा. त्याचा जीव मेटलवर, म्हणजे धडधडत्या, कानठळ्या बसवणाऱ्या रॉकवर. साध्या लाकडी गिटारवर, विजेशिवाय, तो असलं मेटल काढायचा की खालचा भाडेकरू वर येऊन विचारायचा, काय पडलं म्हणून. आम्ही जोडी जमवली. माझा जॅझ, त्याचं मेटल, दोघांना आवडणाऱ्या लॅटिन चाली आणि स्पेनचा फ्लॅमेन्को. फ्लॅमेन्कोत तारा छेडता छेडता गिटारीच्या पोटावर बोटांनी ठेकाही धरतात. तो ठेका व्यंकटीसारखा धरणारा मी दुसरा पाहिला नाही. कुठं शिकलास, असं कुणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "मोबाईलवर बघून."

खरं काय ते मला ठाऊक होतं. त्याचे वडील मलप्पा हे त्या भागातले नावाजलेले हलगीवाले. सात वर्षांचा असल्यापासून व्यंकटी त्यांच्याबरोबर लग्नांत, जत्रांत वाजवायचा. पण जोडी जमवताना त्यानं एकच अट घातली होती. "हलगीचं नाव काढायचं न्हाई, ताई. एकदा कळलं की लोक गिटार ऐकत न्हाईत, आडनाव विचारतात. मग म्हणतात, ते राहू दे, हलगीच वाजव." मला अट पटली नव्हती. पण चटके त्यानं खाल्ले होते, मी नाही. म्हणून मी तोंडाला कुलूप घातलं.

यंदा जानेवारीत नांदेडहून सकाळी सातच्या मैफलीचं बोलावणं आलं. लोक फक्त आम्हालाच ऐकायला येणार, अशी ही पहिलीच वेळ. गोदावरीकाठचं पटांगण, धुकं आणि हाडं गोठवणारी थंडी. आयोजक रामकिशनरावांनी कडेला शेकोटी पेटवली होती. मी तारा जुळवून मान वर केली, तर व्यंकटी शेकोटीपाशी उकिडवा बसलेला. गिटार आडवी धरून जाळावर फिरवत होता आणि मधूनमधून तिच्या पोटावर टिचकी मारून कान देत होता. हलगीचं कातडं थंडीत सैल पडतं, शेकलं की ताणतं आणि कडक बोलतं. गिटार मात्र डिंकानं जोडलेली असते. मी ओरडायच्या आत कट्कन आवाज झाला आणि ज्या पट्टीला तारा बांधतात, ती पट्टीच उखडून लोंबायला लागली.

"अरे गाढवा, उष्णतेनं डिंक सुटतो, हे माझ्या अकरावीच्या पोरांनाही कळतं," मी म्हणाले.

"म्या न्हाई शेकली, ताई," तो स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाला. "हातानं शेकली."

मला रडू यायचंच बाकी होतं. कार्यक्रम रद्द करू, म्हणून मी उठले. त्यानं मला बसवलं आणि तारा कापून टाकल्या. "लाकूड शाबूत हाय. तुम्ही वाजवा, मी ठेका धरतो. लोकांना स्पेनचाच वाटंल."

त्यानं कोपऱ्यातल्या खराट्याची एक काडी उपसली, गिटार हलगीसारखी डाव्या खांद्याला टेकवून छातीशी धरली आणि काडी आणि बोटं मिळून जे सुरू केलं, त्यानं माझी थंडी पळाली. फ्लॅमेन्को, जॅझ, मेटल, मी जाईन तिथं तो माझ्या आधी पोचलेला. तासभर कुणी जागचं हललं नाही.

मग पहिल्या रांगेतल्या एक वयस्कर बाई उठल्या. "बाळा, हा ठेका स्पेनचा का?"

मी त्याच्या वतीनं हो म्हणायला तोंड उघडलं. त्यानं हातानं मला थांबवलं.

"न्हाई. मुरुडचा हाय. माझ्या वडलांचा. मलप्पा हलगीवाले. त्यांच्या सवयीनंच आज गिटार शेकून बसलो."

लोक हसले, टाळ्या पडल्या. आणि ज्याची त्याला इतकी वर्षं धास्ती होती, तेच मागून कुणीतरी बोललं, "मग गिटार राहू द्या, आता हलगीच होऊ द्या."

माझं डोकं सणकलं. व्यंकटीनं मात्र शांतपणे तुटकी गिटार खाली ठेवली आणि माझ्यापुढं हात केला. मी माझी गिटार त्याला दिली.

"हलगी ऐकायची तर मुरुडला या, वडील वाजवतील," तो म्हणाला. "इथं गिटार ऐका."

मग त्यानं एकट्यानं वाजवलं, अगदी मन लावून, आणि मी शेजारी बसून टाळीनं ठेका धरला. आडनाव कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर त्या सकाळी त्यानं तेही सांगून टाकलं असतं.